मानमोडी आणि लोणारचे मोर

मराठीत 'मानमोडी' हा एकच शब्द दोन साथींच्या वाट्याला आला आहे. 1918 सालच्या इन्फ्ल्यूएन्झाला महाराष्ट्रातील लोक मानमोडी म्हणत, आणि कोंबड्यांच्या राणीखेत रोगालाही खेड्यापाड्यांत हेच नाव आहे. या रोगात पक्ष्याची मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात, आणि पाहता पाहता साऱ्या आळीतील खुराडी रिकामी होतात. 1926 साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे व जावा बेटावर हा रोग प्रथम नोंदला गेला. पुढच्याच वर्षी तो कुमाऊंतील राणीखेतला आढळला, म्हणून आपल्याकडे त्याला त्या गावाचे नाव पडले. शास्त्राने गावाचे नाव दिले, लोकांनी लक्षणाचे. कोंबड्यांच्या तुऱ्यावर फोड आणणाऱ्या रोगाला तर मराठीत 'देवी'च म्हणतात.

1918 च्या साथीची सर्वाधिक झळ बसलेल्या भूभागांत मध्यप्रांत व वऱ्हाड होते, आणि आजचा बुलढाणा जिल्हा तेव्हा त्याच वऱ्हाडात होता. त्या पिढीने माणसाचे आणि कोंबडीचे मरण एकाच अंगणात पाहिले. रोगाला घरगुती नाव असणे म्हणजे त्याची ओळख असणे, असे आम्हाला वाटते.

दूरच्या बेटांवरील पक्ष्यांना ही ओळख कधी मिळालीच नाही. हवाई बेटांवर 1826 च्या सुमारास जहाजातून डास पोहोचले. पुढे पाळीव कोंबड्यांमागून 'देवी' तेथे गेली असावी, असे मानले जाते. पक्ष्यांचा हिवतापही पसरला. सहस्रावधी वर्षे या रोगांपासून दूर राहिलेल्या तेथील पक्ष्यांच्या रक्तात प्रतिकार नव्हता. कित्येक जाती कायमच्या नाहीशा झाल्या. गालापागोस बेटांवरील परसातल्या कोंबड्यांमुळे तेथील दुर्मिळ पक्ष्यांना धोका आहे, असा इशारा अभ्यासक गेली वीस वर्षे देत आले आहेत.

बुलढाण्यात समुद्र नाही, पण लोणार आहे. उल्कापाताने झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर, तळाशी खारे पाणी आणि उतारांवर झाडी, असे भोवतालच्या शेतीत एखाद्या बेटासारखे उरले आहे. 2000 साली ते अभयारण्य झाले, 2020 साली रामसर स्थळ. बेटाची उपमा मात्र जपूनच वापरली पाहिजे. हिवाळ्यात येथे चक्रवाक उतरतात. त्यांना कोणतीही सीमा नाही. उतारांवरचे मोर मात्र येथलेच, आणि कोंबडीच्याच कुळातले. राणीखेत त्यांनाही होतो. गाव विवराच्या काठालाच भिडलेले असल्यामुळे खुराडे आणि मोर यांच्यातील अंतर फारसे नाही.

18 फेब्रुवारी 2006 रोजी नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातील ती पहिलीच नोंद. 'हा तर नेहमीचा राणीखेत', असे तेव्हा अनेक कुक्कुटपालकांचे म्हणणे होते. जुन्या ओळखीच्या नावाआड नवा रोग दडू शकतो, हे त्या प्रसंगाने दाखवले. मार्चमध्ये साथ शेजारच्या जळगाव जिल्ह्यात आली. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, आणि कुक्कुटपालकांचे संसार कोलमडले.

1996 साली चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत आढळलेल्या विषाणूचा हा वंश. वाटेत बदलत बदलत तो 2023 साली अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावरील समुद्रपक्ष्यांपर्यंत पोहोचला. दोष रानपक्ष्यांच्या स्थलांतराला देण्याची आपल्याला सवय आहे. पण या रोगाच्या इतिहासाचे पहिले पान पाळीव पक्ष्यांत उघडते.

म्हणून मोर आणि कोंबडी यांत एकाची बाजू घेणे आम्हाला पटत नाही. राणीखेतवर स्वस्त लस आहे. लोणारच्या काठावरील एखाद्या बाईच्या दहा कोंबड्यांना ती वेळेवर मिळाली, तर तिचा बाजाराचा खर्च वाचतो आणि खालच्या झाडीतील मोरही काहीसा सुरक्षित होतो. तिच्या भाषेत या रोगाला नाव आहे. मोराला तेही नाही.