पंगतीबाहेरचे भूछत्र

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्या वाचकांपुढे भूछत्राची कथा मांडावी, हे जरा विपरीतच वाटेल. पावसाळ्यात उकिरड्यावर नाहीतर कुजक्या ओंडक्यावर उगवणारी ती 'कुत्र्याची छत्री'! तिला चकली-अनारशांच्या पंगतीत कोण बसवणार? परंतु पंगतीबाहेर बसवलेल्यालाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो आतल्यांच्या इतिहासाहून अधिक बोलका असतो.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य अशा पदार्थांची यादी आहे. तीत लसूण, कांदा आणि भूछत्र एकाच ओळीत बसले आहेत. पैकी लसूण आणि कांदा केव्हाच आत येऊन बसले. खानदेशात तर लसणावाचून वांग्याच्या भरताची कल्पनाच करवत नाही. चातुर्मास पाळणारी घरे आषाढात कांदेनवमी साजरी करून कांद्याचा चार महिन्यांपुरता निरोप घेतात. बिचारे भूछत्र मात्र नेमके त्याच चार महिन्यांत जन्माला येते आणि बाहेरच राहते.

आमच्या वैद्यांनी त्याच्याकडे असे तोंड फिरवले नव्हते. पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणारी छत्रे सुश्रुतसंहितेत वेगवेगळी सांगितली आहेत. भगवान बुद्धांनी पावा येथे चुंद लोहाराच्या घरी जे अखेरचे अन्न घेतले, त्यातले 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे मांस की डुकरांना आवडणारे भूछत्र, हा पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही.

ग्रंथांतला हा वाद डोंगरात कोणाच्या कानी जाणार? सातपुड्याच्या आणि साक्रीकडच्या डोंगरांतल्या भिल्ल, पावरा, कोकणा मंडळींचे पावसाळी ताट रानानेच भरले. मृगाच्या सरी पडल्या, ढग गडगडले, की वारुळांच्या आसपास पांढऱ्या छत्र्या डोके वर काढतात. विजेच्या कडकडाटाने त्या उगवतात असा समज आहे. खरी करामत मात्र वाळवीची. वाळवी वारुळात पालापाचोळा चावून त्याची मऊ पोळी रचते आणि तीवर बुरशीची शेती करते. माणसाच्या नांगराआधी कोट्यवधी वर्षे ही शेती चालू आहे! पाऊस आला की त्याच बुरशीचा लांब देठ माती फोडून वर येतो. रोजेर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली या कुळाला 'टर्मिटोमायसेस' असे नाव दिले. गोव्यात हीच रोयणीवरची अळमी; विदर्भात तिला टेकोडे म्हणतात. बाजारातल्या बटन मशरूमसारखी ती माणसाला अजून पिकवता आलेली नाही. म्हणून वारूळ खणायचे नाही. ते राहिले तरच पुढल्या वर्षाची आशा.

रानातले कंद दुष्काळातही माणसाला तगवतात. भूछत्राचे तसे नाही. ते चांगल्या पावसाचे अन्न आहे. त्याला दरिद्र्याचे खाणे म्हणणारे त्याच्या स्वभावाशीच अनोळखी असतात.

1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला, पुढे 1878 चा जंगल कायदा आला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या रानात पाऊल टाकायला परवानगी लागू लागली. गौण वनोपजावरचा हक्क कायद्याने मान्य केला तो 2006 साली. त्या कायद्याची व्याख्या मात्र वनस्पतीजन्य उपजाची. आणि शास्त्र आता सांगते की बुरशी ही वनस्पतीच नव्हे! पंगतीबाहेरचे भूछत्र कायद्याच्या व्याख्येतही असे उंबऱ्यावरच उभे.

रांधायचे तर त्याला थाट लागत नाही. देठाची माती खरवडावी, छत्र्या धुऊन हातानेच फाडाव्यात आणि कांदा, लसूण, मिरचीवर परताव्यात. अंगचेच पाणी सुटते, त्यातच शिजतात. जोडीला कळण्याची भाकरी असली म्हणजे झाले.

पण इथे एक गोष्ट कळकळीने सांगितली पाहिजे. चांदीचे नाणे काळे पडले नाही, लसूण निळी झाली नाही, किड्यांनी खाल्ले आहे, म्हणून छत्र निर्विष, या साऱ्या परीक्षा खोट्या आहेत. काही जहरी जातींचे विष शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर पुष्कळ तास काही जाणवत नाही आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते. खरी परीक्षा एकच: ते छत्र जन्मभर ओळखत आलेले डोळे. असे डोळे आता म्हाताऱ्या बायकांपाशीच उरत चालले आहेत. त्यांच्या नाती शहराकडे निघाल्या, की ती ओळख तिथेच संपते.

धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने यावर एक चांगली वाट काढली. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ज्या गावाने आपले उजाड रान पुन्हा उभे केले, तिथे 2004 पासून वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. बायका आपापले रान ताटात मांडतात आणि जे ज्ञान चुलीपाशी मुके होते, ते चारचौघांत बोलू लागते. चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. ती वाचताना मला त्या चुलीही आठवल्या.

राहता राहिली पंगत. आपल्या खानदेशी काळ्या मसाल्यात दगडफूल असते ना? ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार आहे. म्हणजे ज्याला आपण दारात उभे केले, त्याचा एक भाऊबंद आपल्या मसाल्याच्या डब्यात बसून आपल्याच भाजीला वास देत आला आहे. मग ज्यांनी त्या थोरल्या भावाला ओळखून सांभाळले, त्यांना पंगतीत मानाचा पाट द्यायला आपण आणखी किती दिवाळ्या लावणार?