कीर्ति, खर्च आणि इंजिनियरिंगचें शिक्षण

मुलानें इंजिनियरिंगची पदवी घेतली, कीं सुशिक्षित घरांतून एक वाद हटकून सुरू होतो. पुढील शिक्षणास नामांकित परंतु महागड्या परदेशी विद्यापीठांत जावें, कीं बेताच्या खर्चांत येथेंच शिकावें? वडील जमाखर्चाची वही पुढें करतात, मुलगा संस्थेच्या कीर्तीचा दाखला देतो. हा पेंच नवा नव्हे. सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं तो कसा सुटला, हें पाहणें उद्बोधक होईल, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८७१ मध्यें हिंदुस्थानच्या बांधकाम खात्याकरितां इंजिनियर तयार करण्यासाठीं इंग्लंडांत कूपर्स हिल येथें एक कॉलेज स्थापन झालें. वर्षाची फी १५० पौंडांच्या घरांत. येथून जाणाऱ्यास समुद्रप्रवासाचा खर्च निराळा. तरीहि त्याचा दबदबा मोठा. कारण यशस्वी विद्यार्थ्यांस तेथें सरकारी जागा ठेवलेल्या असत. इकडे पुण्यास १८५४ सालीं निघालेली इंजिनियरिंगची शाळा १८६६ मध्यें मुंबई विद्यापीठास जोडली गेली व पुढें ‘कॉलेज ऑफ सायन्स’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. कूपर्स हिलच्या मानानें तिचें नांव अर्थातच लहान.

१८८१ मध्यें बंगळुरास बी. ए. झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच कॉलेजांत आले. वडील लहानपणींच वारलेले. शिकवण्या करून शिक्षण चाललेलें. म्हैसूर सरकारनें साह्य केलें म्हणूनच त्यांस पुणें गांठतां आलें. १८८३ च्या एल. सी. ई. परीक्षेंत ते पहिले आले आणि १८८४ मध्यें मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे व कृष्णराजसागर धरण यांची साक्ष पुढें सर्वांनींच पाहिली.

याच सुमारास, १८८२ मध्यें, पुण्याचे केशव मल्हार भट यांनीं उलट वाट धरली व बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत प्रवेश घेतला. आज जगभर गाजलेल्या त्या संस्थेचे वर्ग तेव्हां सुरू होऊन अवघीं सतरा वर्षें झालीं होतीं. तयार कीर्तीच्या मागें ते गेले, असें म्हणवत नाहीं.

आणि कूपर्स हिल? ब्रिटनमधील इतर विद्यापीठांतून चांगले इंजिनियर मिळूं लागतांच ह्या स्वतंत्र कॉलेजाचें प्रयोजन सरलें व १९०६ सालीं तें बंद झालें. पुण्याची संस्था मात्र आज विद्यापीठ होऊन उभी आहे.

यावरून स्वस्त तेंच चांगलें, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. विश्वेश्वरय्यांच्या मागें राज्याचें साह्य होतें, हें विसरतां कामा नये. आणि भटांस जें शिकावयाचें होतें त्यासाठीं समुद्र ओलांडणें त्यांस अवश्य वाटलें. परंतु सल्ल्यासाठीं आमच्याकडे येणाऱ्या पालकांस आम्ही एवढेंच विचारतों : संस्थेची ही कीर्ति कशावर उभी आहे? तेथील विद्येवर, कीं दाराशीं हमखास मिळणाऱ्या नोकरीवर? विद्येसाठीं कर्ज काढल्यास तें कदाचित् फिटेल. नोकरीची हमी मात्र दुसऱ्याच्या हातची. ती केव्हां सरेल, याचा नेम नाहीं.