बिअरचं रिव्हर्स इंजिनिअरिंग

मागच्या शनिवारी आम्ही तब्बल पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर सिंकमध्ये ओतून दिली. मी आणि माझा रूममेट दोघंही पुण्याचे, दोघंही सध्या कॅलिफोर्नियात ऑनसाईट. आयुष्यातली पहिलीवहिली बॅच, दोन आठवडे लेकरासारखी जपलेली, आणि झाकण उघडल्यावर असा आंबूस वास आला की काय सांगू! रूममेट म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, दुकानातून सिक्स-पॅक आणू."

चूक काय झाली? बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात काढायची नळी जंतुनाशकात बुडवायची राहिली. आता गंमत अशी की वाचण्यात आम्ही काहीच कसर ठेवली नव्हती. पाण्यातले क्षार, पीएच, माल्ट किती अंशांवर भिजवायचा, सगळं पाठ! त्या गदारोळात नळीची एक ओळ निसटली. म्हटलं, हे सगळं नवशिक्याला झेपेल असं कधी कुणी लिहिलं की नाही? शोधत मागे मागे गेलो तर दोन माणसं भेटली. आणि दोघंही इंजिनिअर निघाले!

आधी थोडी उजळणी. आपण कडधान्याला मोड आणतो तसे बार्लीला आणायचे आणि ती वाळवायची, झाला माल्ट. तो गरम पाण्यात भिजवला की स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालून आंबवायचं. बस. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या घरातल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही नाही. (नळी सोडून.)

पण घाबरायला कारणं होती. इंग्लंडमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला सरकारी परवाना लागायचा. १९६३ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ही अट काढून टाकली. त्यानंतर माल्टच्या पाकाचे डबे आणि किट दुकानात आले, पुस्तकंही आली. पण घरची बिअर म्हणजे 'स्वस्त पण भयंकर' ही ख्याती काही जाईना.

इथे आला डेव्ह लाइन, साउथहॅम्प्टनचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९७४ मध्ये त्याचं 'द बिग बुक ऑफ ब्रूइंग' आलं आणि १९७८ मध्ये 'ब्रूइंग बिअर्स लाइक दोज यू बाय'. दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच सगळं आहे: तुम्ही विकत घेता तशीच बिअर घरी करा. शंभरावर रेसिपी, दुकानातल्या नि पबमधल्या ओळखीच्या बिअरच्या. आपण ज्याला 'क्लोन' म्हणतो तेच हे. पुस्तक आल्यावर थोड्याच काळात तो अकाली गेला.

त्याच्या रेसिपी अचूक होत्या का? नाही. काहींत भरपूर साखर, काहींत चक्क सॅकरिनच्या गोळ्या. १९९३ मध्ये ग्रॅहम व्हीलर आणि रॉजर प्रोट्झ यांचं याच धर्तीचं पुस्तक आलं आणि इंग्लिश बिअरचे क्लोन बरेच सुधारले. पण मुद्दा तो नाहीच. आपल्या भाषेत सांगायचं तर लाइनने नवशिक्याच्या हातात टेस्ट केस दिली. 'चांगली एल करा' ही काय रिक्वायरमेंट झाली? पण पबमधली बाटली शेजारी ठेवली की एक्स्पेक्टेड आउटपुट समोर असतं. आपली जास्त गोड आहे? फिकी आहे? पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं. क्लोन म्हणजे नक्कल हे खरं, पण शिकणाऱ्याला नकलेइतकी चांगली शाळा नाही.

आता अमेरिका. १९२० ते १९३३ इथे देशभर दारूबंदी होती. त्या काळात माल्टच्या पाकाचे डबे 'बेकिंगसाठी' म्हणून खपायचे. घरी नेऊन लोक काय 'बेक' करायचे ते सांगायला नको! दारूबंदी उठल्यावर घरच्या वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती पुढे ४५ वर्षं! १४ ऑक्टोबर १९७८ ला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करायची परवानगी मिळाली. तरी राज्यांचे कायदे वेगळेच. मिसिसिपी आणि अलाबामा थेट २०१३ मध्ये राजी झाली.

चार्ली पपाझियन हा न्यूक्लिअर इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. नोकरी मात्र लहान मुलांच्या शाळेत शिक्षकाची. कायदा बदलण्याच्या आधीपासून तो कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये लोकांना बिअर करायला शिकवत होता. १९७८ मध्ये त्याने मित्रासोबत होमब्रूअर्सची संघटना काढली आणि १९८४ मध्ये 'द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग' हे पुस्तक आलं. पुस्तक पायऱ्यापायऱ्यांचं आहे. नवशिक्याला आधी पाकाच्या डब्यावरच करायला लावतो, धान्य भिजवण्याची भानगड पुढे. आणि सतत एकच सूर: घाबरू नका, चुकलं तरी फारसं बिघडत नाही. बालवाडीच्या बाईंसारखं! मला वाटतं, इंजिनिअर असण्यापेक्षा त्याचं शिक्षक असणं जास्त कामी आलं.

याचं पुढे काय झालं बघा. चिकोमध्ये होमब्रूइंगचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमनने १९८० मध्ये सिएरा नेवाडाची बिअर करायला सुरुवात केली. ती बाटलीतच यीस्टवर मुरते, म्हणून लोकांनी तळाचं यीस्ट वाढवून घरी तिचेच क्लोन केले! आणि २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने आपल्या तोवरच्या सगळ्या रेसिपी घरगुती मापात जाहीर करून टाकल्या. ओपन सोर्सच की हे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, एक डिस्क्लेमर. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना घरी बिअर करणं गुन्हा आहे. तेव्हा तिकडे मायक्रोब्रुअरीत जाऊन प्या, प्रयोग आमच्यावर सोडा.

आणि हो, सोमवारी ऑफिसात नवीन मुलीसाठी मी लिहिलेलं ४० पानी सेटअप डॉक्युमेंट काढून पाहिलं. डेटाबेसचा पासवर्ड कुठे मिळेल, ही तिला पहिल्याच दिवशी लागणारी गोष्ट पान ३१ वर होती. मुकाट्याने पहिल्या पानावर आणली.

काल दुसरी बॅच लावली. डब्यातला पाक, एकच हॉप, सिएरा नेवाडाच्या पेल एलचा अगदी सोपा क्लोन. नळी या वेळी रूममेटने स्वतः बुडवली, दोनदा. दुकानातली बाटली तुलनेसाठी आणून ठेवली आहे. महिनाभर टिकली म्हणजे मिळवली.