जुन्या रिळांची राखण

दिवाळीच्या सुमारास आमच्या वरुडात आंबिया बहराची संत्री तोडणीला येतात. बागवान फळ किती हळुवार हाताने ठेवतो, ते पाहण्यासारखे असते. दुखावलेले एक फळ अख्खी पेटी नासवते, हे त्याला बापजाद्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. चित्रपटाचे रीळ हीदेखील अशीच नाशवंत वस्तू आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. पडद्यावर तुकोबा वैकुंठाला गेले की आपण डोळे पुसतो आणि घरची वाट धरतो. ज्या फितीवर ते सारे उमटले, तिचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी थांबत नाही. जी थोडी माणसे थांबली, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आला आणि आपल्या देशात चित्रपटाचा संसार सुरू झाला. पुढे ही चित्रे गावोगाव फिरू लागली. आमच्या मुलखाला चित्रपटधंद्यातले लोक ‘सी. पी. बेरार’ म्हणतात. तो प्रांत नकाशावरून केव्हाच पुसला गेला, पण धंद्याच्या वहीत त्याचे नाव टिकून राहिले. रीळ आधी मोठ्या शहरात चाले, मग तालुक्याला येई आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत पोचे. प्रत्येक खेळागणिक फितीवर ओरखडे उठत, तुटलेले तुकडे कापून टाकावे लागत. चित्र शेवटच्या गावी पोचेपर्यंत त्याचे आयुष्यच संपत आलेले असे.

त्यातून त्या काळची फीत नायट्रेटची. ती दारूसारखी पेट घेई आणि नुसती ठेवली तरी कुजे. शिवाय तिच्या लेपात चांदी असे. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही. मग कित्येक रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेली. हजाराहून अधिक मूकपट या देशात निघाले. त्यांतले पूर्णावस्थेत उरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे आहेत. खुद्द ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आपण सोन्याच्या भावाने मोडतो, तेव्हा निदान हात तरी थरथरतो. इथे तोही थरथरला नाही.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. प्रभात कंपनीचा कारखाना १९५३ साली बंद पडला होता आणि त्याच आवारात १९६० पासून चित्रपटविद्येची शाळा भरत होती. या पुण्यनगरीत पी. के. नायर नावाचे एक मल्याळी गृहस्थ आले आणि त्यांनी रिळे गोळा करण्याचे व्रत घेतले. नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी जुनी रिळे मिळवली. ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे उरली आहेत. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा जुळवता आला. फाळक्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. ती आजही डोहात उडी घेताना दिसते, ती अशा एका माणसाच्या चिकाटीमुळे. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि ‘प्रभात’च्या कित्येक मूळ फितींची राख झाली. राखण किती कठीण असते, ते यावरून कळावे.

परंतु नुसते डब्यात जपलेले चित्र म्हणजे कुलपातला देव. त्याला माणसांचे डोळे लागतात. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदी मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली आणि रशियाचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ दाखवून आरंभ केला. मुंबईच्या मराठी रसिकांनी १९६८ साली प्रभात चित्र मंडळ उभे केले. सुधीर नांदगावकरांनी त्या कामी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. सभासदांची वर्गणी, मागून आणलेली प्रत, भाड्याचे सभागृह आणि खेळ संपल्यावर रंगलेली चर्चा, एवढेच या मंडळ्यांचे भांडवल.

कोणी म्हणेल, हे शहरवासीयांचे चोचले झाले; खेड्यातल्या माणसाला जपानी चित्रपट काय कळणार? याचे उत्तर कर्नाटकातल्या हेग्गोडूने दिले. सुपारीच्या बागांमधले हे लहानसे खेडे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने १९७० नंतरच्या दशकात गावकऱ्यांना ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ज’ आणि ‘राशोमोन’ दाखवले. प्रती नायरांच्या संग्रहालयाच्या होत्या. बागाईतदारांनी आणि मजुरांनी ते चित्रपट मन लावून पाहिले, त्यांवर वादही घातला.

तो वृत्तांत वाचल्यापासून माझ्यातला मास्तर स्वस्थ बसेना. मागच्या हिवाळ्यात शाळेच्या एका खोलीत भिंतीवर चादर ताणली आणि दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ लावला. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा चित्रपट! पोरे प्रथम त्या खरखरत्या आवाजाला हसली. पण आजारी लेकराला घेऊन तुकोबांची बायको देवळात शिरली आणि तिने देवावरच पायतण उगारले, तेव्हा खोली चिडीचूप झाली. खेळ आटोपल्यावर नातवाला न्यायला आलेली एक म्हातारी मला म्हणाली, “आवली काई वाईट नोयती, मास्तर. लेकरं उपाशी रायले तं मायच्या तोंडून शिव्याच निंघतीन ना!”

आवलीला शहाणीसुरती समीक्षाही क्वचितच इतका न्याय देते. आयुष्यभर संत्र्याच्या बागेत राबलेल्या त्या बाईने तो एका वाक्यात दिला. तो पाठ शिकवणे मला साधले नसते.

वरुडात अशी जाण असलेली माणसे ठायी ठायी आहेत. उणीव आहे ती चादर ताणणाऱ्याची. यंदाच्या दिवाळीत घरी पाहुणे जमतील, फराळ होईल, पोरांच्या हाती पडदा असेलच. तेव्हा एखादा जुना चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा, आणि संपल्यावर लगेच उठू नये. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारावे, काय वाटले? राखण करणाऱ्यांनी आपले काम केले आहे. पुढचे आपल्याकडे आहे.