ओतूरचे पत्र

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांस लिहिलेली तीन पत्रे आज आपल्यासमोर आहेत. १८५६, १८६८ आणि १८७७ या सालांतील. सावित्रीबाईंच्या वाङ्मयाची चर्चा निघाली की आपण साहित्याचे अभ्यासक सहसा ‘काव्यफुले’कडे (१८५४) वळतो, आणि पत्रे चरित्रकारांच्या स्वाधीन करून मोकळे होतो. तिसरे पत्र, २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून लिहिलेले, आम्ही नुकतेच पुन्हा वाचले, आणि ही वाटणी आम्हांला खटकली. दुष्काळात उपाशी माणसांपर्यंत धान्य पोहोचविण्याचे काम करणाऱ्या एका कार्यकर्तीने कामाच्या जागेवरून पाठविलेला हा वृत्तान्त आहे. पतीला लिहिलेले पत्र म्हणून तो वाचला की त्यातील निम्मा ऐवज निसटतो.

१८७६ चा पावसाळा दख्खनेत कोरडा गेला. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी. पण जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉयचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीस कात्री लावली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यात भागावे असा त्यांचा हिशेब होता. मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून त्याला उत्तर दिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांमागून अर्ज धाडून त्यांची बाजू मांडली. हा इतिहास बराचसा इंग्रजीत लिहिला गेला आणि म्हणून तो ठाऊकही आहे.

मराठी मुलखाला दानधर्म अपरिचित नव्हता. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ती वाटली जाऊ लागली. (इंग्रजी अमलात याच निधीतील काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला. आपल्या अर्वाचीन गद्याची नाळ अशी त्या रमण्याशी जोडलेली आहे. विद्यार्थ्यांनी हा धागा एकदा सवडीने उलगडून पाहावा.) असो. त्या दानात देणाऱ्यास पुण्य मिळे, आणि घेणाऱ्याची पात्रता त्याच्या जन्मावरून ठरे. भुकेचा प्रश्न तिथे नव्हता.

ओतूरच्या पत्रात पुण्याची ही भाषा कुठे नाही. प्रारंभी दुष्काळाचे वर्णन येते: साल सरले तरी दुष्काळ सरलेला नाही, नद्यानाले आटले आहेत, जमिनीला भेगा पडल्या आहेत, गुरे मरत आहेत, लोक पोटची मुले विकून गाव सोडीत आहेत. वर्णन भीषण आहे, पण लेखणी तिथे रेंगाळत नाही. लगेच कामाची हकीकत सुरू होते. सत्यशोधकांनी मदतीसाठी समित्या केल्या आहेत. अमुक मंडळी आपल्याबरोबर फिरली आणि त्यांनी पीडितांस पैशाची मदत केली. तमुक मंडळी भेटीस येत आहेत. तुम्ही साताऱ्याहून आधी इकडे यावे आणि मग नगरला जावे, हे बरे. मदतकार्य म्हणजे बहुतांशी असलेच रूक्ष तपशील असतात, आणि ते लिहून ठेवावेत असे फार थोड्यांना वाटते.

पत्राचा खरा ताण पुढे आहे. सावकार अडलेल्यांना नाडीत आहेत, दंगे उसळले आहेत, आणि पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांना धरून नेले आहे. इथे एक संदर्भ ध्यानात घ्यावा लागतो. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता आणि त्याचे लोण पुणे-नगर भागात पसरले होते. अशा मुलखात शेतकऱ्यांची एखादी संघटना गावोगाव फिरू लागली, तर तिच्या हातात धान्य असले तरी सरकारला त्यात बंडच दिसणार. सत्यशोधक समाजाला तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती. कलेक्टरने बोलावले तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला सरळ विचारले, की चांगल्या माणसांना खोट्या आरोपांत का गुंतविले? त्यांना सोडा. त्याने सोडले. त्या कलेक्टरचा सज्जनपणाही त्या मोकळेपणाने नोंदवितात. १८७७ साली एका शूद्र स्त्रीने गोऱ्या अधिकाऱ्याशी केलेला हा सवालजबाब दोन-चार वाक्यांत उरकलेला आहे. त्यात ‘मी’चा तोरा नाही. आम्हांला या गद्याची योग्यता त्यांच्या कवितेहून अधिक वाटते. मतभेद अर्थातच संभवतो.

पुढच्याच महिन्यात, मे १८७७ मध्ये, जोतीरावांनी व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी लोकांना जाहीर आवाहन केले. दुष्काळात आईबापांच्या आधाराला मुकलेल्या मुलांसाठी सत्यशोधक समाजाने धनकवडीस हा आश्रम काढला होता. नाव राणीचे आणि वर्गणी रयतेची, ही युक्तीही त्या काळाला साजेशी म्हणावी लागेल. ओतूरची समिती आणि धनकवडीचा आश्रम ही एकाच कामाची दोन टोके होत: एकीकडे गावात जाऊन द्यायचे, दुसरीकडे शहराजवळ मुलांना एकत्र ठेवून जगवायचे. दोन्हीकडे पैशाइतकीच माणसांची गरज होती, आणि ओतूरला तर त्या माणसांची तुरुंगात जाण्याची तयारी असावी लागली.

पत्राच्या अखेरीकडे एक आकडा येतो. हेलावलेल्या कलेक्टरने ज्वारीच्या चार बैलगाड्या पाठविल्या. ती ज्वारी कोणत्या गावांना गेली, कोणत्या बायांनी ती दळली, भाकऱ्या कोणाच्या चुलीवर भाजल्या गेल्या, आणि दुष्काळात त्या चुलीला सरपण कोणी आणले, हे मात्र पत्रात येत नाही.