टायरवरचे आकडे आणि खान्देशचे रस्ते

टायरच्या बाजूला, काळ्यावर काळ्याच अक्षरांत, काही आकडे उमटवलेले असतात. '३.५०-१०' असे लिहिले असेल, तर टायर साडेतीन इंच रुंद आहे आणि तो ज्या रिमवर बसतो तिचा व्यास दहा इंच आहे. '९०/९०-१२' ही नवी लिहिण्याची रीत. यात रुंदी ९० मिलिमीटर, टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम बारा इंच. पंक्चरवाल्याला हे आकडे तोंडपाठ असतात, गाडीच्या मालकाने बहुधा ते कधी वाचलेले नसतात. आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकवल्यामुळे मला मात्र ते शिलालेखासारखे वाचायची सवय लागली.

गेल्या साठ-पासष्ट वर्षांत धुळे-जळगावकडे कोणी कोणती दुचाकी घेतली, याची कारणे सांगताना लोक किंमत, अॅव्हरेज, नंबर लागणे, लग्नात मिळणे अशा गोष्टी सांगतात. त्या खऱ्याच आहेत. पण शहरातला शिक्षक, बँकेतला कारकून आणि दुकानदार स्कूटरवर, आणि खेड्यातला शेतकरी फटफटीवर किंवा मोपेडवर, ही जी वाटणी आपण सर्वांनी पाहिली, ती केवळ ऐपतीची नव्हती. स्कूटर काही फटफटीपेक्षा फार महाग नव्हती. ही वाटणी बऱ्याच अंशी चाकाच्या व्यासाने केली, असे माझे म्हणणे आहे.

मुळात स्कूटरचे चाक इतके लहान का, हे पाहण्यासाठी इटलीत जावे लागते. दुसऱ्या महायुद्धात पियाजिओ कंपनीचा पोंतेदेराचा विमानांचा कारखाना बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमाने बनवायची नव्हती, आणि लोकांना स्वस्त वाहन हवे होते. एन्रिको पियाजिओ यांनी हे काम कोर्रादिनो द'अस्कानिओ या विमान-अभियंत्याकडे सोपवले. त्यांचा जीव हेलिकॉप्टरमध्ये, आणि मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. तेलाने कपडे खराब होतात, पाय टाकून चढावे लागते आणि पंक्चर काढणे म्हणजे शिक्षा, अशा त्यांच्या तक्रारी. एप्रिल १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या व्हेस्पात या तिन्ही तक्रारींची उत्तरे आहेत. इंजिन झाकलेले, पुढे पाय ठेवायला सपाट जागा, आणि चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले. काट्यात अडकवलेले चाक काढायला आस बाहेर ओढावा लागतो. हे मात्र मोटारीच्या चाकासारखे चार-पाच नट सोडले की हातात येते.

या सगळ्यासाठी चाक लहान असणे भागच होते. मोठे चाक ठेवले तर पाय ठेवायची जागा जाते, बैठक उंच होते, इंजिनाला मागच्या चाकाशेजारी जागा उरत नाही. व्हेस्पाची चाके आठ इंची होती. स्कूटरचा सगळा सोयीस्करपणा या लहान चाकातून आला, आणि तिचे सगळे दुखणेही तिथूनच.

भारतात बजाजांची बच्छराज ट्रेडिंग कंपनी १९४८ पासून व्हेस्पा आयात करू लागली. १९५९ मध्ये इथेच उत्पादन करण्याचा परवाना मिळाला आणि पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीला कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास मुंबईची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी दुसऱ्या इटालियन घराण्याची, म्हणजे इनोचेंतीची, लॅम्ब्रेटा बनवत होती. बजाजच्या सुरुवातीच्या स्कूटरला चाके आठ इंचीच. इटलीत १९५५ च्या जीएस या वेगवान व्हेस्पाने दहा इंची चाके घेतली होती; आपल्याकडे ती घरोघरी पोचवली चेतकने. पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. तिची चाके ३.५०-१०. नंतर आलेली सुपर मात्र ३.५०-८ वरच राहिली. चेतक आणि सुपर यांत नेमका फरक काय, असे विचारले तर लोक हेडलाइट आणि डिकीचा आकार सांगत. दोन्ही चालवलेला माणूस सांगे, की सुपर खड्ड्यात 'बसते' आणि चेतक 'जाते'. दोन इंचांचा फरक त्याच्या कमरेला कळलेला असे.

आता खान्देशचे रस्ते. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे डांबराची ओळख आपल्याला तशी लवकर झाली. पण महामार्ग सोडून दोन मैल आत गेले, की तापी, गिरणा, पांझरा, अनेर यांच्या खोऱ्यांतली काळी जमीन सुरू. उन्हाळ्यात तिला चार बोटे रुंद भेगा पडतात, पावसाळ्यात तिचा असा चिकट गारा होतो की चपला पायातून काढून हातात घ्याव्या लागतात. या जमिनीचे वाहन बैलगाडी. तिचे चाक छातीइतके उंच, आणि त्यावर लोखंडी धाव. ते गाऱ्यात रुतले तरी आस वर राही आणि बैल गाडी ओढून काढत. पण वर्षानुवर्षे त्याच वाटेने गाड्या गेल्या, की दोन खोल चर पडत. तीच चाकोरी. आज आपण 'चाकोरीबाहेरचे' हा शब्द पुस्तकांच्या परीक्षणात वापरतो, पण ज्याने गाडीवाटेवर स्कूटर घातली आहे त्याला त्याचा मूळ अर्थ चांगला ठाऊक असतो. लहान चाक एकदा चाकोरीत उतरले, की हँडल वळवून ते बाहेर येत नाही. चाक चराच्या भिंतीला घासत राहते आणि माणूस आडवा होतो.

हिशेबच मांडू. टायर धरून बाहेरचा व्यास सुपरचा साधारण १५ इंच, चेतकचा १७ इंच, आणि १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० सारख्या २.७५-१८ टायरच्या मोटारसायकलचा साडेतेवीस इंच. रस्त्यात ३० सेंटिमीटर रुंद खड्डा आहे असे धरा. सावकाश जाताना सुपरचे चाक त्यात सुमारे ७.३ सेंटिमीटर उतरेल, चेतकचे ६, मोटारसायकलचे ४. खड्डा एकच, पण तिघांसाठी त्याची खोली वेगवेगळी. आता त्याच वाटेवर ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आला. चाकावर जितका भार आहे, त्याच्या ९२ टक्के आडवा जोर लागल्याशिवाय सुपरचे चाक त्यावर चढायला सुरुवात करणार नाही. चेतकला ८३ टक्के पुरेल, मोटारसायकलला ६७. हा जोर इंजिन तर देतेच, पण उलट धक्का बसतो तो हँडल धरणाऱ्या मनगटांना. टायरची लवचीकता आणि स्प्रिंग यात धरलेले नाहीत. ते धक्का मऊ करतात, क्रम बदलत नाहीत.

मोठे चाक गोल फिरणाऱ्या भोवऱ्यासारखे गाडी सरळ ठेवते, असे आम्ही वर्गात सांगत असू. ते अर्धेच खरे आहे. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले, की भोवऱ्याचा परिणाम पूर्ण काढून टाकलेली सायकलही आपोआप तोल सांभाळू शकते. वजन कुठे आहे, हँडलचा कोन किती, यावर बरेच अवलंबून असते. स्कूटरचे 'हलके' हँडल हा म्हणून केवळ चाकाचा दोष नव्हे. बजाजच्या इंजिनाचे वजन उजवीकडे आणि चालवणारा किंचित डावीकडे सरकून बसलेला, हे चित्र जुन्या वाचकांना आठवेल.

एक गोष्ट मात्र चाकाच्या माथी नक्की मारता येते, आणि ती म्हणजे झीज. एक किलोमीटर जायला आठ इंची चाक सुमारे ८३५ फेरे घेते, अठरा इंची ५३३. टायर तितका लवकर गुळगुळीत होतो. शिवाय ब्रेकचा ड्रम रिमच्या आतच मावायला हवा, म्हणून तोही लहान, आणि लहान ड्रम लवकर तापतो. चाळीसगावच्या वरचा कन्नडचा घाट किंवा फर्दापूरच्या वरचा अजिंठ्याचा घाट डबलसीट उतरणाऱ्याला तो जळका वास ओळखीचा असे. लोक मध्येच थांबत, पाणी पीत, ड्रम निवू देत.

काळ्या मातीने आणखी एक गंमत केली. स्कूटरचे मडगार्ड चाकाला लागून असते. ओला गारा त्यात भरला, की चाक जागच्या जागी जाम. मग बाभळीची काडी तोडून तो गारा कोरत बसायचे. म्हणून पावसाळ्यात शाळामास्तर स्कूटर फाट्यावरच्या हॉटेलाशी लावून पुढे पायी जात. शेतकऱ्याने अशी गाडी का घ्यावी? त्याने राजदूत घेतली, मग हीरो होंडा. ज्याला तेवढे परवडेना त्याने लूना. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये, म्हणजे चेतकच्याच वर्षी, अहमदनगरहून लूना आणली. इंजिन शिवणयंत्राएवढे, पण चाके सायकलसारखी मोठी आणि बारीक. ती चिखलातून ढकलता येई, वेळ पडली तर उचलताही येई. दुधाच्या किटल्या, चाऱ्याचे भारे, केळीचे घड यांचे पुढचे वाहन टीव्हीएसची मोपेड झाली, तिचीही चाके सोळा इंची. लाकडी चाकांच्या जागी ट्रकचे टायर लावलेली 'डनलॉप' गाडी बैलांमागे आली, तेव्हा शेतकऱ्याने चाकाचा व्यास कमी होऊ दिला, पण त्या बदल्यात रुंदी घेतली. रुंद टायर मऊ जमिनीवर तरंगतो. स्कूटरकडे व्यास नव्हता आणि रुंदीही बेताची.

स्कूटरची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. पुढचे चाक, मागचे चाक आणि स्टेपनी तिन्ही एकच. रिम दोन भागांची, नटांनी जोडलेली. पारोळ्याच्या अलीकडे भर दुपारी ४४ अंशांत पंक्चर झाले तरी पान्हा असला की दहा मिनिटांत चाक बदलून माणूस मार्गाला लागे. मोटारसायकलवाला मात्र गाडी ढकलत पंक्चरवाल्याचे झाड शोधत फिरे. फक्त हवा सोडल्याशिवाय रिमचे नट सोडायचे नसत, नाहीतर दोन भाग तोफेसारखे उडत. स्टेपनीला रेग्झिनचे कव्हर शिवून घ्यायचे आणि त्यावर मुलाचे नाव रंगवायचे, ही त्या काळची हौस. आमच्या गल्लीतल्या मिस्तरीकडे कोणी तक्रार घेऊन गेला, की तो आधी ऐकून घेई आणि मग म्हणे, "गाडीना दोस नही भाऊ, रस्ताना शे."

१९८४ मध्ये कायनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आल्या आणि गिअर नसलेली, बटनावर सुरू होणारी कायनेटिक होंडा निघाली. २००१ मध्ये होंडाची अॅक्टिव्हा आली. चाके दोन्हींची दहा इंची. चेतक २००६ च्या सुमारास बंद पडली, पण तिच्या चाकाचा आकडा असा दुसऱ्याच गाड्यांखाली चालत राहिला. स्टेपनी मात्र गेली. या गाड्यांनी जे घडवले त्याला मी लहान मानत नाही. साडी नेसून, पाय जमिनीला टेकवून चालवता येणारे वाहन आले आणि जळगावच्या महाविद्यालयांबाहेर मुलींच्या गाड्यांची रांग लागली. नर्स, अंगणवाडी पर्यवेक्षिका, ग्रामसेविका रोज तीस-चाळीस किलोमीटर जाऊ लागल्या. बैठक खाली, पुढे पिशवीला जागा, सीटखाली डबा मावेल अशी डिकी. हे सगळे लहान चाकामुळेच शक्य झाले. आणि त्याच लहान चाकावर त्या महामार्गावर आल्या.

तिथे खड्ड्यापेक्षा वाईट गोष्ट आहे, ती साइडपट्टी. डांबराचे थरावर थर चढतात, बाजूचा मुरूम पावसाने वाहून जातो, आणि रस्त्याची कड पायरीसारखी उभी राहते. मागून ट्रकने हॉर्न दिला की गाडी खाली उतरते. पुन्हा वर यायचे म्हणजे ती कड तिरपी चढायची. १० सेंटिमीटरची कड समोरून चढायलाच दहा इंची चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या दीडपट जोर लागतो. तिरपे गेले तर चाक चढत नाही, कडेला घासत सरकते. हीच ती चाकोरी, फक्त डांबराची. जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गाला समांतर रस्ते हवेत म्हणून लोकांनी आंदोलने केली, त्या मागणीत माझ्या मते या लहान चाकांचा मोठा वाटा होता. ट्रकांच्या बाजूने चालणाऱ्यांपैकी कितीतरी जण दहा इंचांवर होते.

कंपन्यांना हे कळत नव्हते असे नाही. २०१३ च्या टीव्हीएस ज्युपिटरला दोन्हीकडे बारा इंची चाके होती. अॅक्टिव्हाच्या ११० सीसीच्या गाडीने पुढचे चाक बारा इंची केले ते २०२० मध्ये, 'सिक्स जी'ला. मागचे दहाच ठेवले, कारण ते मोठे केले की डिकी लहान होते. पियाजिओ स्वतः पुन्हा महाराष्ट्रात आली आणि २०१२ पासून बारामतीला व्हेस्पा बनवू लागली, दहा इंची चाकांवर. चारच वर्षांनी त्याच बारामतीतून अॅप्रिलियाची एसआर १५० ही स्कूटर बाहेर पडली, तिची चाके चौदा इंची. २०२० ची विजेवरची चेतक बारा इंचांवर धावते. २०२४ मध्ये परतलेली विजेवरची लूना सोळा इंचांवर आहे, आणि तिची जाहिरात ओझे वाहणारी गाडी म्हणूनच होते.

आठ इंच मात्र पूर्ण गेलेले नाहीत. पाचकंदिलाशी उभ्या असलेल्या कोणत्याही रिक्षाचा टायर वाकून पाहा. त्यावर ४.००-८ असे लिहिलेले सापडेल.