‘केवळ विश्वासाने’ : एका वादाची कुळकथा

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबादच्या कॅथॉलिक धर्मप्रांतात मोडतात. त्यांतले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, आणि बीदर हे अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनचे जुने ठाणे. अशा रीतीने एकाच मुलखात शेजारी आलेल्या या दोन ख्रिस्ती परंपरांना विभागणारा जो मूळ प्रश्न, मनुष्याचे तारण केवळ विश्वासाने होते की त्याला सत्कर्मांची जोड लागते, त्याचे कूळ मात्र दूर जर्मनीत सापडते.

१५१७ मध्ये क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध उभा राहिलेला मार्टिन ल्यूथर याने १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात, रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून घातला; प्रतिपक्षाने लगोलग याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय पुढे केला, कारण केवळ विश्वासाने मनुष्य नीतिमान ठरत नाही असे तेथे उघड म्हटले आहे. १५४१ साली रेगेन्सबुर्ग येथे उभय पक्षांच्या पंडितांनी या कलमापुरता समान मसुदा सिद्धही केला होता, परंतु रोम आणि ल्यूथर या दोघांनीही तो अमान्य केला. पुढे १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने या विषयावर तेहतीस निषेधकलमे मंजूर केली. त्यांतील पहिलेच कलम असे, की ईश्वरी कृपेवाचून निव्वळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणारा बहिष्कृत होय. म्हणजे कॅथॉलिक स्वकर्मावर विसंबतात हा आरोप ट्रेंटच्या अधिकृत शिकवणीला लागू पडत नाही. खरा मतभेद होता तो मुख्यतः नीतिमत्त्व हा ईश्वराने दिलेला निवाडा, की अंतःकरणात रुजून कर्मांनी वृद्धिंगत होणारे नवजीवन, याविषयी.

मराठवाड्याच्या दृष्टीने या कुळाची मेथॉडिस्ट शाखा विशेष महत्त्वाची आहे. २४ मे १७३८ च्या सायंकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत, रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना ऐकत असता, मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला ख्रिस्तावरील विश्वासाची खात्री पटली. तथापि विश्वासाची परिणती पवित्र आचरणात झालीच पाहिजे, असा आग्रहही त्याने जन्मभर धरला. १९९९ साली आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथीय व कॅथॉलिक यांनी या प्रश्नावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तेव्हा काही भेद शिल्लक राहूनही मूलभूत सत्यांवर एकवाक्यता झाली. २००६ मध्ये सेऊल येथे जागतिक मेथॉडिस्ट परिषदही या घोषणेत सामील झाली.

हा करारनामा दूरच्या धर्मपीठांच्या दप्तरात पडून राहता कामा नये. तारणाचा आरंभ कृपेनेच होतो, हे ज्यांनी एकमुखाने मान्य केले, त्यांच्या उदगीर-नांदेडकडील अनुयायांनी परस्परांवरील जुने आरोप वारसाहक्काने चालवीत राहणे म्हणजे आपापल्या परंपरेवरच अन्याय करणे होय.